पत्र्याची खोली न मोडता दुसऱ्या जागी कशी न्यायची (आम्ही नेली, तशी)

आमची शेतातली खोली हलवायची वेळ आली ती वाटणीमुळं. मोजणी झाली, खुणा रोवल्या गेल्या आणि हद्दीची दोरी बरोबर खोलीच्या दारातनं आत शिरून मागच्या भिंतीतनं बाहेर पडली. अर्धी खोली आमची, अर्धी चुलत्यांची. चुलते म्हणाले, असू दे की, कोण काय म्हणतंय. पण आज ते म्हणत नाहीत, उद्या त्यांची पोरं म्हणतील, परवा आमची म्हणतील, त्यापेक्षा आत्ताच बाजूला घेतलेली बरी. वेल्डरला विचारलं तर तो म्हणला भंगारात घाला आणि नवी करा. त्याचं बरोबरच होतं, त्याला नवीन काम मिळणार होतं.

शेवटी आम्ही ती अख्खी उचलून 140 मीटरवर नेऊन ठेवली, आणि प्रत्यक्ष नेण्याला पाऊण तास लागला. त्याच्या आधीची तयारी मात्र तीन आठवडे. या सगळ्यात आमच्या झालेल्या दोन चुका पण खाली लिहितोय, त्या तुम्ही करू नका.

आधी एक स्पष्ट सांगतो, हे सगळं अँगल नाहीतर चौकोनी पाईपच्या सांगाड्यावर पत्रे मारलेल्या खोलीबद्दल आहे. शेतातली खोली, छोटा गोठा, मोटारीची पेटी ठेवायची टपरी, रस्त्याकडेचं दुकान, असं. विटांच्या खोलीचा विचार डोक्यातनं काढा. नऊ इंची विटांच्या भिंतीचं एक चौरस मीटर साधारण 440 किलो भरतं, आणि आमची आख्खी पत्र्याची खोली दारासकट तेवढीच भरली. म्हणजे विटांच्या भिंतीचा एक टेबलाएवढा तुकडा आणि आमची पूर्ण खोली एकाच वजनाची. विटांच्या इमारती हलवता येत नाहीत असं नाही, शांघायमध्ये 2020 साली 1935 सालची एक शाळा, 7600 टनांची, जवळजवळ 200 हायड्रॉलिक पायांवर चालवत 62 मीटर सरकवली, ती पण 21 अंशांत वळवून. पण त्यांना 18 दिवस लागले आणि त्यांच्याकडं इंजिनियरांची फौज होती. आपल्याकडं पण जॅक लावून घर वर उचलून देणारे आहेत, ते काम त्यांनाच द्यायचं, यूट्यूब बघून करायचं नाही.

वजन काढा, आधी अंदाज बांधू नका

आमच्यात प्रत्येकानं वेगळा आकडा सांगितला. कोण म्हणे टनभर, कोण म्हणे दोन टन. मग मी वही घेऊन बसलो. हे फार सोपं आहे, शाळेतलं गणित आहे.

खोली 10 बाय 12 फूट, पुढं 8 फूट उंच, मागं 7. चारी भिंतींचा घेर 44 फूट, त्याला सरासरी उंची साडेसात धरली तर 330 चौरस फूट, त्यातनं दार आणि खिडकी वजा केली की 300. छपराला पागोळीसाठी बाहेर काढलेला भाग धरून 160. एकूण 460 चौरस फूट म्हणजे साधारण 43 चौरस मीटर. अर्धा मिमी जाडीचा नागमोडी पत्रा चौरस मीटरला साडेचार ते पाच किलो भरतो, म्हणजे झाले 200 किलो. सांगाडा 40 बाय 40 चा, 2 मिमी जाडीचा चौकोनी पाईप, तो फुटाला पाऊण किलोच्या आतबाहेर असतो. खांब, वरची रिंग, मधली रिंग, छपराच्या आडव्या पट्ट्या आणि तळाची रिंग (ती नंतर सांगतो) असं सगळं मिळून 230 फूट, म्हणजे 170 किलो. दार-खिडकीचे 40. झालं की, 410. वरनं तिरक्या पट्ट्या मारल्या त्याचे 40 धरा. साडेचारशे किलो.

एका चांगल्या म्हशीएवढं! हा आकडा सांगितल्यावर सगळ्यांचे चेहरे बदलले. जी गोष्ट क्रेनशिवाय होणारच नाही असं वाटत होतं ती वीस-पंचवीस माणसांच्या हातात आली.

तुमचा पत्रा जाड असेल किंवा सांगाडा अँगलचा असेल तर आकडा बदलेल. लोखंडाचं सूत्र लक्षात ठेवा, एक चौरस मीटर आणि एक मिमी जाडी म्हणजे 7.85 किलो. 50 बाय 50 बाय 6 चा अँगल असेल तर तो मीटरला साडेचार किलो धरा. आणि छपराला सिमेंटचे पत्रे असतील तर ते आधी उतरवाच, उचलताना जरा जरी हिसका बसला तरी ते तडकतात, आणि जुन्या सिमेंट पत्र्यात एस्बेस्टॉस असतं त्यामुळं ते कटरनं कापायचे नाहीत, फोडायचे नाहीत, बोल्ट सोडून अख्खे खाली घ्यायचे.

न्यायचं कसं

चार मार्ग आहेत.

एक, माणसांनी उचलून. पाचशे किलोपर्यंत, दोनेकशे मीटरपर्यंत, बऱ्यापैकी सपाट रान. पूर्वी गवताचं छप्पर अख्खं उचलून नवीन मेढींवर ठेवायला सगळी वाडी यायची, तोच प्रकार.

दोन, पाईपच्या रोलरवरनं ओढत. वजन जास्त असेल आणि जमीन कडक असेल तर. खाली लाकडी फळ्यांची वाट करायची, त्यावर दोन इंची पाईपचे तुकडे आडवे टाकायचे, ट्रॅक्टर लो गिअरमध्ये अगदी मुंगीच्या चालीनं, मागनं सुटलेला पाईप उचलून परत पुढं आणून टाकायचा. वळवायचं असेल तर पाईप हातोडीनं ठोकून थोडा तिरका करायचा की खोली आपोआप वळते. पण उताराला मागनं पण दोर पाहिजे, झाडाला वेढा देऊन हळूहळू सोडायचा, नुसता पुढं ट्रॅक्टर लावला आणि खोली उतारावर सुटली तर ती ट्रॅक्टरच्याच अंगावर येते. पाईप पायानं सरकवायचा नाही, बोटं जातात.

तीन, हायड्रा क्रेन. लांब न्यायचं असेल किंवा मध्ये ओढा-चारी असेल तर हाच. पण हायड्रा रानात पोचला पाहिजे आणि वर वीजेच्या तारा नकोत. अकरा केव्हीची लाईन जागेवरनं किंवा वाटेवरनं जात असेल तर क्रेनचा विषयच सोडा. उचलताना पट्टे तळाच्या रिंगेला चारी कोपऱ्यात लावायचे, छपराच्या पट्टीला नाही, आणि वर छपरापाशी पट्टे पत्र्यात रुतू नयेत म्हणून एक आडवा बार द्यायचा. पट्टे जेवढे उभे तेवढं बरं. फार पसरट लावले, म्हणजे जमिनीशी 30 अंशांचा कोन झाला, तर पट्ट्यावर दुप्पट ताण येतो, आणि वर खोलीला आत चेपतात ते वेगळंच.

चार, सुटी करून. डांबरी रस्त्यावरनं न्यायचं असेल तर बहुतेक हेच करावं लागतं, कारण मोटार वाहन नियमात गाडीची रुंदी 2.6 मीटरपर्यंतच चालते आणि 10 फूट म्हणजे 3 मीटरच्या वर गेलं. तयार पोर्टा केबिन 8 फूट रुंद का मिळतात ते यावरनं कळेल, 8 फूट म्हणजे 2.44 मीटर, ट्रकवर बसते. तुम्ही नवीन खोली करणार असाल आणि पुढंमागं हलवायची शक्यता असेल तर 8 फुटीच करा, हा फुकटचा सल्ला.

आम्ही पहिला मार्ग घेतला, त्यामुळं पुढचं सगळं त्याबद्दल. तयारी मात्र पहिल्या तिन्ही मार्गांना सारखीच लागते.

दिवस कोणता

रब्बी निघाल्यावर आणि वळवाच्या आधी. आमच्याकडं म्हणजे फेब्रुवारीचा शेवट ते मार्च. काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर चोवीस माणसं वजन घेऊन चालली तर घोट्यापर्यंत रुततात. आणि एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वावटळ कधी उठेल सांगता येत नाही. खोलीची एक बाजू म्हणजे 90 चौरस फुटांचं शीड आहे, जमिनीत रोवलेली असते तोपर्यंत कळत नाही, पण हातात धरली की वाऱ्याची झुळूक पण कळते. म्हणून सकाळी, उजाडल्या उजाडल्या. आम्ही साडेसहाला सुरू केलं.

नवीन जागा आधी, खोली नंतर

ही आमची पहिली चूक होण्याची जागा, म्हणून जरा सविस्तर.

जागा निवडताना नवीन हद्दीपासून मोकळी चार-पाच फूट तरी सोडा, मागची भिंत रंगवायला उद्या चुलतभावाच्या उसात शिरायला नको. ग्रामपंचायतीत विचारून घ्या, नोंद असेल तर ती जुन्या जागेची आहे. पाणी कुठनं वाहतं ते पावसाळ्यातलं आठवा, उन्हाळ्यात सगळीच जागा चांगली दिसते. आणि तोंड. आमच्याकडं पावसाचा मारा नैऋत्येकडनं येतो, म्हणून दार पूर्वेला आणि बुटकी बाजू पश्चिमेला, म्हणजे वारा छपराखाली शिरत नाही, वरनं निघून जातो.

काळी माती असेल तर ती उकरून टाका. काळं रान उन्हाळ्यात भेगाळतं आणि पावसात फुगतं, त्यावर थेट जोतं घातलं तर दोन वर्षांत दार लागायचं बंद होतं. मुरूम लागेपर्यंत खणा, फार खोल असेल तर निदान दीड-दोन फूट मुरूम थराथरानं भरून, पाणी मारून, धुमसानं ठोकून घ्या. जोत्याची उंची दीड फुटाच्या वर नको. याचं कारण नंतर कळेल, उचलून आणलेली खोली तुम्हाला त्या जोत्यावर न्यायचीय आणि माणसाचे हात खाली सोडल्यावर जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर असतात. जोतं खोलीपेक्षा चारी बाजूंनी सहा इंच मोठं धरा.

आता चूक. मी जोत्यात खांबांच्या जागी बोल्ट बसवून घेतले. 10 बाय 12 चं माप टेपनं टाकलं, गुण्या धरला, दोन्ही कर्ण मोजले, बरोबर 15 फूट साडेसात इंच आले, काँक्रीट ओतलं आणि खूश झालो. चार दिवसांनी सहज जुन्या खोलीचे कर्ण मोजले. एक 15 फूट 9 इंच, दुसरा 15 फूट 6! म्हणजे खोलीच मुळात तिरकी, वीस वर्षं तिरक्याच खोलीत आम्ही राहिलो, कुणाला पत्ता नाही. खांब बोल्टवर बसणं शक्यच नव्हतं. सगळे बोल्ट कापून टाकले.

त्यामुळं माप कागदावरनं नाही, उभ्या खोलीवरनं घ्या, प्रत्येक खांब ते खांब, दोन्ही कर्ण, तळाला वेगळं आणि वर वेगळं. आणि बोल्टच्या भानगडीत पडूच नका. त्यापेक्षा 8 इंची चौकोनी, 8 मिमी जाडीची प्लेट घ्या, तिच्या खाली सळीचे वाकवलेले तुकडे वेल्ड करा आणि काँक्रीट ओलं असतानाच ती वरच्या पातळीला बसवून टाका. मग खांब दोन-तीन इंच इकडंतिकडं आला तरी प्लेटवरच येतो, वेल्ड मारला की झालं. आमच्या खोलीला सहा खांब, प्रत्येकाला दीड बाय दीड फूट आणि दोन फूट खोल खड्डा, त्याला 1:2:4 नं (सिमेंट, वाळू, खडी) पाच पोती सिमेंट गेलं. सगळ्या प्लेटा एका पातळीत आहेत का ते लेव्हल पाईपमध्ये पाणी भरून बघा, मोबाईलमधल्या ॲपवर विश्वास ठेवू नका. आठवडाभर पाणी मारा, त्याआधी वजन नको.

खोलीला बांधून घेणं

पत्र्याची खोली वजनानं मोडत नाही, पिळानं मोडते. चार कोपऱ्यांतला एक कोपरा दोन-तीन इंच जास्त उचलला गेला की अख्खा सांगाडा पिळतो, वेल्ड तुटतात, पत्र्याची भोकं फाटतात आणि एकदा पिळलेली खोली परत सरळ होत नाही. त्यामुळं उचलण्याआधी तिला असं करायचं की ती एका डब्यासारखी हलली पाहिजे.

बऱ्याच खोल्यांचे खांब सुटे सुटे काँक्रीटमध्ये गाडलेले असतात, खाली एकमेकांना जोडलेले नसतात. तेव्हा पहिलं काम तळाची रिंग. जमिनीपासून सहा इंचांवर चारी बाजूंनी पाईप वेल्ड करून घ्या, दारातनं पण. दारात रिंग कुणी ठेवत नाही कारण पाय अडकतो, पण न्यायच्या दिवशी ती तिथं पाहिजेच, नंतर कापून टाका. मग प्रत्येक भिंतीला आतनं तिरक्या दोन पट्ट्या, फुलीसारख्या. आणि एक फुली तळाच्या रिंगेत आडवी, ही लोक विसरतात आणि हीच सगळ्यात महत्त्वाची, कर्ण हीच धरून ठेवते. पट्ट्या जुन्या एक इंची अँगलच्या चालतात. वेल्डरला सांगा जिथं झिंकचा मुलामा आहे तिथं वेल्ड मारताना दारं-खिडक्या उघडी ठेव आणि धूर अंगावर घेऊ नकोस, त्या धुरानं संध्याकाळी थंडीताप भरतो, आमच्या पोराला भरला होता.

दाराचं फळकट बिजागरीतनं काढून ठेवा, तेवढंच वजन कमी. खिडकीची काच, पंखा, फळ्या, छपरावरचं सोलर पॅनेल, सगळं उतरवा. शहाबादी फरशी आधी उचलायची असेल तर पहारीनं हलक्या हातानं, आणि काठीनं आधी आपटून घ्या. आमच्याकडं फरशीखाली विंचू निघाले चार, आणि छपराच्या वळचणीला गांधीलमाशीचं पोळं होतं जे ऐन उचलताना उठलं असतं तर खोली तिथंच टाकून सगळे पळाले असते. ते पोळं आदल्या आठवड्यात संध्याकाळी काढलं.

वीज. मीटर त्या भिंतीवर असेल तर त्याला तुम्ही हात लावायचा नाही, महावितरणला मीटर हलवायचा अर्ज द्यायचा, आणि हा अर्ज सगळ्यात आधी, जोत्याच्याही आधी, कारण त्याला किती दिवस जातील ते तुमच्या हातात नाही. आतली वायरिंग मेन स्वीच पाडून, टेस्टरनं बघून मग सोडवा. नवीन जागी अर्थिंग नवीन.

कापणं आणि वर घेणं

आदल्या दिवशी संध्याकाळी खांब कापायचे, त्याच्या आधी नाही. कापायच्या आधी रिंगेखाली प्रत्येक खांबापाशी विटा-ठोकळे घट्ट बसवा, पाचर ठोका, म्हणजे कापलं तरी खोली जागची हलणार नाही. रिंगेच्या खाली दोन इंच सोडून कटरनं कापा. आणि कापून झाल्या झाल्या चारी वरच्या कोपऱ्यांना दोर बांधून खुंट्यांना ताणा, तंबूसारखे. आता खोली नुसती ठेवलेली आहे, गाडलेली नाही, हे रात्रभर लक्षात ठेवायचं. आमचे तात्या त्या रात्री खोलीशेजारी बाज टाकून झोपले, गरज नव्हती, पण त्यांना झोप आली नसती.

सकाळी जॅक. पाच टनी बॉटल जॅक दोन असले तर काम सोपं. जॅकखाली फळी द्या नाहीतर जॅकच जमिनीत जातो. खांबाच्या जागीच लावा, दोन खांबांच्या मध्ये लावला तर रिंग वाकते. एका कोपऱ्याला एक-दीड इंच, वीट सरकवा, पुढचा कोपरा, असं फिरत फिरत वर घ्या. घाई करून एकच कोपरा चार इंच उचलू नका, पीळ तिथंच पडतो. सात-आठ इंच मोकळं झालं की खालनं पाईप घाला.

पाईपचं गणित असं. दोन इंची मिडियम क्लास जीआय पाईप, 20 फुटी अख्खी लांबी. खोली 10 फूट रुंद, म्हणजे आडवा घातला की दोन्हीकडं पाच-पाच फूट बाहेर राहतो. एका टोकाला चार माणसं, दोन पाईपच्या पुढं दोन मागं. तीन पाईप, सहा टोकं, चोवीस माणसं. पाईपचं स्वतःचं वजन एकेकी 31 किलो धरलं तर एकूण साडेपाचशेच्या आत, भागिले 24, माणशी 22-23 किलो. सिमेंटच्या पोत्याच्या निम्म्याहून कमी. पण प्रत्यक्षात वजन सारखं वाटलं जात नाही, बांधावर चढताना मधल्यांवर जास्त येतं, म्हणून चारपाच जण राखीव ठेवा. पाईप रिंगेला नाड्यानं आवळून बांधा, तारेनं नको, तार घसरते.

माणसं उंचीप्रमाणं लावा, उंच समोरासमोर, बुटके समोरासमोर. हे आम्ही केलं नाही. माझा एक भाचा सव्वासहा फूट, त्याच्या समोर आमचे शेजारी, पाच फूट एक, आणि खोली पहिल्या दहा पावलांत अशी कलली की छपरावरच्या चिमण्या उडाल्या. ही दुसरी चूक. खाली ठेवून अदलाबदल केली.

आवाज एकाचाच. हे फार महत्त्वाचं आहे आणि गावात फार अवघड आहे, कारण प्रत्येकाला आवाज द्यायचा असतो. आम्ही माजी मुकादम असलेल्या एका आजोबांना पुढं उभं केलं, ऊसतोडीत माणसं हाकलेला माणूस, त्यांनी सांगितलं की मी हो म्हटलं की उचला, थांबा म्हटलं की थांबा, ठेवा म्हटल्याशिवाय ठेवायचं नाही, आणि बाकी कुणी तोंड उघडलं तर त्याच्या टोकाचं वजन वाढवीन. चार जण वरच्या कोपऱ्यांचे दोर धरून बाजूनं चालले, कलली की ताणायला.

वाट आदल्या दिवशी चालून बघितलेली पाहिजे. ठिबकच्या नळ्या गुंडाळा, बांध मध्ये असेल तर खोलीची लांबी नाही तर पाईपच्या टोकांची लांबी धरून उकरा, 20 फूट, म्हणजे वाट 22 फुटांची. बोरीचं झुडूप, दगड, सगळं काढा, कारण माणूस वजन घेऊन चालताना खाली बघत नाही. दर वीस मीटरला थांबायचं. दोन पोरांकडं विटा द्या, थांबायच्या जागी ती पळत जाऊन कोपऱ्याखाली विटा ठेवतील, म्हणजे पाईप जमिनीला टेकत नाही आणि बोटं चेंगरत नाहीत.

जेवण नंतर. मटण-भाकरी आधी घातली तर निम्मे लोक झाडाखाली आडवे होतात. आधी नुसता चहा आणि पोहे. आणि रात्रीची ज्याची उतरली नसेल त्याला दोराला पण हात लावू द्यायचा नाही, मग तो कुणाचा कोण का असेना.

बसवणं

जोत्यावर लांबीच्या दिशेनं शिरायचं, म्हणजे जोतं दोन्ही रांगांच्या मधनं जातं, दोन्हीकडची माणसं जमिनीवरच चालतात आणि खोली जोत्यावरनं तरंगत आत येते. आता दीड फुटाचं कळलं असेल. विटांवर ठेवा, दोर सोडा, पाईप बाहेर ओढा, मग जॅकनं तसंच कोपरा कोपरा फिरत खाली घ्या. खांबाचे कापलेले पाय प्लेटांवर टेकायच्या आधी ओळंबा धरा. एखादा पाय अधांतरी राहिला तर त्याला ठोकून खाली आणू नका, मध्ये पट्टीचा तुकडा घालून भरा. कर्ण परत मोजा, आणि सगळं जमल्यावरच वेल्ड. आधी सगळ्या खांबांना टाके, मग पूर्ण वेल्ड, एकच खांब पूर्ण करून पुढं गेलात तर तो तापून ओढतो. वेल्डच्या जागी रेड ऑक्साईड दोन हात.

तिरक्या पट्ट्या लगेच कापू नका. भिंतीतल्या राहिल्या तरी काय बिघडत नाही, आमच्या दोन अजून आहेत, टॉवेल वाळत घालायला होतात. तळाची आडवी फुली मात्र फरशीच्या कामात गाडली जाते, ती तशीच राहू द्या. पत्रा आणि जोत्याच्या मधल्या फटीत ओलं काँक्रीट थेट पत्र्याला लावू नका, त्यानं झिंक खातं आणि दोन-तीन पावसाळ्यांत खालची कड गंजते, मध्ये डांबरी कागदाची पट्टी घाला.

छपराचा एकेक स्क्रू तपासा. उचलताना थोडेफार ढिले होतातच, आणि जुने रबर वायसर तडकलेले असतात, सगळे बदलून टाका, फार पैसे लागत नाहीत.

सुटी करूनच न्यायची असेल तर

यात कष्ट जास्त आणि धोका कमी. प्रत्येक पत्र्यावर ऑइल पेंटनं नंबर, पूर्व 1, पूर्व 2, छप्पर 1 असे, आणि वर कुठलं टोक त्याचा बाण. खडूनं लिहू नका, पहिल्याच हातात पुसतो. फोटो काढा. नंबर का, तर जुनी भोकं परत जुन्याच पट्टीवर आली पाहिजेत, पत्रा बदलला की नवीन भोकं पाडावी लागतात आणि जुनी गळतात. छपराचे पत्रे परत चढवताना वाऱ्याच्या उलट्या टोकाकडनं सुरुवात करायची, म्हणजे दुमड (एका पत्र्यावर दुसऱ्याची चढलेली कड) वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला उघडते आणि पाणी आत मारत नाही. बाजूची दुमड दीड नाळीची, म्हणजे पत्र्याच्या दीड लाटेएवढी ठेवा.

कोकणातली लाकडी घरं आणि आपल्याकडचे छोटे वाडे पण असेच जातात, खांब, तुळया, वासे नंबर टाकून. मणिपालला विजयनाथ शेणॉय यांनी अशी जुनी घरं मोडकळीला यायच्या आधी सुटी करून आणून हस्तशिल्प हेरिटेज व्हिलेजमध्ये परत उभी केली. श्रीशैलम धरणाच्या पाण्यात जाणारं कूडवेल्लीचं संगमेश्वराचं देऊळ पण दगड दगड सुटा करून आलमपूरला नेलं. तिथं दगडांवर नंबर होते, आपल्या इथं पत्र्यावर. लाकडाच्या बाबतीत फक्त एक, जुना सुतार असेल तरच हात घाला, कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) खाचेतनं कसं सोडवायचं हे ज्याला माहीत नाही तो हातोडा मारून लाकूड चिरतो.

जुन्या जागेचं विसरू नका

सगळे नवीन खोलीत चहा पीत बसतात आणि जुन्या जागी सहा खांबांचे बुंधे तसेच उभे राहतात. ते जमिनीच्या वर चारेक इंच असतात, पटकन दिसत नाहीत, गवत आलं की तर अजिबातच नाही, आणि पुढच्या मशागतीला रोटाव्हेटरचं पातं त्याच्यावर जाऊन बसतं. आमच्या बाबतीत तर ती जागा आता चुलत्यांची, म्हणजे पातं त्यांचं आणि भांडण आमचं. ब्रेकर भाड्यानं आणून काँक्रीटचे गठ्ठे फोडून बाहेर काढले, जे निघाले नाहीत ते दीड फूट खाली जाईपर्यंत फोडले, खड्डे त्यातल्याच काळ्या मातीनं भरले. निघालेले तुकडे नवीन जोत्याच्या कडेला पायरी म्हणून बसवले. पायरी जरा वाकडी झालीय.